पहिल्या क्षणीचा घट

मातीचा घट उत्पन्न झाला, त्या पहिल्या क्षणी त्याला रंग असतो का? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, ठामपणे सांगतात, नसतो. घट हे त्याच्या रंगाचं कारण, आणि कारण कार्याच्या आधी असलंच पाहिजे. म्हणून एक क्षण तरी घट कोणत्याही गुणावाचून असतो. संस्कृत घेऊन एम.ए. करताना मी हे शिकले. पोटापाण्यासाठी आता जावा लिहिते, आणि तो क्षण मला पडद्यावर दिसतो.

जावामध्ये ‘न्यू’ म्हटलं की आधी मेमरीत जागा मिळते. त्या जागेतली सगळी फील्ड्स शून्य नाहीतर नल असतात. मग कन्स्ट्रक्टर चालतो, त्यातही आधी पालक क्लासचा. तो संपल्यावर ‘घट’ क्लासमध्ये लिहिलेल्या किमती फील्ड्सना मिळतात. समजा, ‘पात्र’ या पालकाच्या कन्स्ट्रक्टरनं ‘वर्णन’ ही मेथड बोलावली आणि घटानं ती ओव्हरराइड करून आपला रंग छापायला घेतला. क्लासमध्ये रंग ‘लाल’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, तरी छापून येतं ‘नल’. टीममधली नवी मुलं गोंधळतात. मी सांगते, तुम्ही घटाला पहिल्याच क्षणी रंग विचारलात.

मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. रंग आलेला नाही, पण चालली ती मेथड घटाचीच. त्या घडीला वस्तूला तिचा क्लास विचारा, उत्तर येतं ‘घट’. गुण यायचे आहेत; जाती, म्हणजे वस्तूचा प्रकार, आलेली आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्ट या नैयायिकानं ‘तर्कसंग्रहा’वरच्या स्वतःच्या ‘दीपिके’त हीच वाट काढली. ज्याला गुण असतात ते द्रव्य, अशी व्याख्या केली तर पहिल्या क्षणीचा घट तिच्यातून निसटतो. अव्याप्तीचा दोष येतो. म्हणून त्यानं व्याख्या जातीवर नेली. सत्तेहून, म्हणजे निव्वळ असलेपणाहून, वेगळी आणि गुण जिथे राहतात तिथेच राहणारी जाती ज्यात आहे, ते द्रव्य. ती जाती घटात पहिल्या क्षणापासून असते.

वेदान्त्यांच्या निर्गुणाशी याची गल्लत करू नये. ते अखंड; हे क्षणभराचं, आणि वस्तू चारचौघांत जाण्याआधी संपलंच पाहिजे. कन्स्ट्रक्टर पुरा होण्याआधी ‘धिस’ (घडत असलेली ती वस्तू) दुसऱ्या थ्रेडच्या हाती दिलेला दिसला, की मी तो कोड परत पाठवते.

सी प्लस प्लसचं मत वेगळं. पालकाचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत वस्तू नुसती ‘पात्र’ असते; व्हर्च्युअल मेथडही पात्राचीच चालते. व्यवहारात हे जास्त सुरक्षित, यात वाद नाही. पण नैयायिकाला ते मानवणार नाही. व्यक्ती आणि जाती यांचा संबंध समवायाचा, म्हणजे अतूट; आधी अघट असलेली व्यक्ती मागाहून घट होत नाही. शिवाय घटाच्या कन्स्ट्रक्टरमध्येच एक्सेप्शन आलं, तर सी प्लस प्लस घटाचा डिस्ट्रक्टर चालवत नाही, तयार झालेल्या पात्राचा तेवढा चालवतो. म्हणजे घट झालाच नव्हता. मग कन्स्ट्रक्टर चालला तो कुणाचा? घडता घडता जो फसला, तोही माझ्या लेखी घटच.