कण्हाचा शिष्य

पाठ टेकवून निवांत बसा. डोळे मिटले तरी चालतील, अर्धे उघडे राहिले तरी चालतील. श्रावणातली सकाळ आहे असं धरा. कर्जत स्टेशन मागे राहिलं आहे. बोरघाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडतात, त्याचा आवाज आता ऐकू येत नाही. कोंदिवड्याच्या पुढे डांबर संपतं आणि पायाखाली चिखल येतो. एका अंगाला उल्हास नदी. पुढे बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळणारी तीच ही. इथं ती अजून पोरवयाची आहे, दगडांवरून उड्या मारत येते. लावणी आटोपली आहे. खाचरांत पाणी तुडुंब आहे.

चाला. श्वासाला पावलांच्या लयीत येऊ द्या. दम लागला तर थांबा, रान ऐका, पुन्हा निघा. डोक्यावर राजमाचीचा डोंगर आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे त्याचे दोन्ही बालेकिल्ले ढगांत बुडाले आहेत. बुडू देत. आपल्याला तिथवर जायचं नाही. मधेच, कड्याच्या पोटात थांबायचं आहे.

आधी पाण्याचा आवाज येतो. मग झाडी सरते आणि कोंडाण्याची लेणी दिसतात. वरून धबधबा थेट लेण्यांच्या तोंडावर कोसळतो आहे. भिजत आत शिरा. आत शिरलात की आवाज पाठीमागे जातो. तिथंच उभे राहा. ओल्या कातळाचा वास आत घ्या. हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. माणसाची छिन्नी त्याला लागून दोन हजारांवर वर्षं झाली.

समोर चैत्यगृह आहे, आत सुमारे ६६ फूट गेलेलं. पुढचे खांब गेले, आतलेही बरेच तुटले. शेवटी स्तूप आहे, झिजून भंगलेला. बुद्धाची मूर्ती शोधू नका. हे कोरलं गेलं तेव्हा बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. स्तूपाकडे पाहा आणि काही न मागता थोडा वेळ बसा.

आता शेजारच्या विहारात या. मान वर करा. इथं घाई करू नका, कारण ज्यासाठी आपण आलो ते इथं आहे. छताला तुळया आहेत, तुळयांवर आडव्या पट्ट्या आहेत. सगळं दगडात. एखाद्या सुताराने मापं घेऊन बसवावं तसं. पण या छताला एकाही तुळईची गरज नाही. डोंगरच छत आहे. खालून खांब कोरले नसते तरी डोंगर पडला नसता. तरीही कुणीतरी अंग मोडून, दिव्याच्या उजेडात, मान मागे टाकून या तुळया काढल्या.

का? श्वास सोडताना हा प्रश्न मनात ठेवा. उत्तर लगेच देऊ नका. पुस्तकांत लिहिलेलं असतं की ही लाकडी बांधकामाची नक्कल आहे. खरं आहे ते. भाजे आणि कार्ले इथल्या चैत्यांत तर दगडी छताला आतून खऱ्या लाकडी कमानी बसवल्या, त्या आजही आहेत. पण नक्कल हा शब्द मला तोकडा वाटतो. ज्याने आयुष्यभर लाकूडच घडताना पाहिलं, त्याच्या मनात घर म्हणजे वासे, तुळया, आढं. पावसाळ्याचे महिने भिक्षू एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणतात. डोंगराच्या पोटात राहायला येणाऱ्या त्या माणसाला आपण छपराखाली आहोत असं वाटावं, एवढ्यासाठी कुणी इतके कष्ट घेतले असतील, असं मला मनापासून वाटतं. सभोवतीच्या एका लहानशा खोलीत मनानेच जा. दगडी कट्ट्यावर बसा. बाहेर पाऊस आहे. आत अंधार आहे. वर छप्पर आहे.

थोड्या वेळाने बाहेर या, चैत्याच्या दर्शनी बाजूला. डाव्या हाताला एक मोठं मस्तक आहे, माणसाहून कितीतरी मोठं. चेहरा पार गेला आहे. डोक्यावरचं शिरोभूषण मात्र निगुतीनं कोरलेलं कळतं. त्याच्या खांद्यापाशी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे. अर्थ एवढाच : कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

आसपासच्या लेण्यांत नावं पुष्कळ आहेत, पण बहुतेक दान देणाऱ्यांची. हाताने काम करणाऱ्याचं नाव क्वचित. कार्ल्याला दार करणारा धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार आहे, आणि इथं बलक. बलकाने गाव सांगितलं नाही, बापाचं नाव सांगितलं नाही. आधी गुरूचं नाव घेतलं, मग आपलं. त्या ओळीवरून सावकाश बोट फिरवल्यासारखं मन फिरवा. दगडाला हात लावू नका, आधीच पुष्कळ झिजला आहे.

आता तुमचा कण्ह आठवा. ज्याने तुमच्या हातात पहिल्यांदा हत्यार दिलं : लेखणी, करवत, उलथनं, विळा, काहीही. चेहरा धूसर झाला असेल. हात आठवतात का पाहा. तुमचं बोट चुकीच्या जागी होतं तेव्हा ते धरून सरकवणारे हात. त्या हातांपाशी जितका वेळ राहवेल तितका राहा.

मग उतरा. उतरताना गुडघे सांभाळा, शेवाळ आहे. खाली ठाकरवाडीतलं, गावातलं एखादं जुनं कौलारू घर अजून उभं असतं. स्लॅबची घरं वाढली आहेत, पावसात न गळणाऱ्या घराला नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण त्या जुन्या घराच्या ओटीवर कुणी बसा म्हणालं, तर बसा. चहा घ्या. ओले पाय पुसा. आणि मान वर करा. धुराने काळं झालेलं आढं, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी उतरणारे वासे, वाशांवर रीप, रिपांवर कौलं.

वासे मोजा. एक श्वास, एक वासा.