भेटीला वार हवा

डोंबिवली (पूर्व)

चि. भाचीबाईस,


परवा फोनवर विचारलं, "कॉलेजातल्या तुम्ही चौघी भेटता का गं अजून?" तर तुझं उत्तर तयारच होतं, "मावशी, हे रिलीज एकदा होऊ दे, मग नक्की!" दिवाळीतही एक रिलीज आडवं आलं होतं. ते हेच की दुसरं, हे मला कळत नाही. एक संपलं की दुसरं उभं राहतं आणि तुझं 'नक्की' पुढे सरकत राहतं, एवढं मात्र कळतं. तेवढ्यात तुझा अमेरिकेचा कॉल सुरू झाला आणि माझं बोलणं राहून गेलं. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण सवडीने वाच.

काम कमी कर, असं मी सांगणार नाही. मूल सासूबाईंकडे सोपवून मी स्टेशन गाठायचे, तेव्हा 'एवढं काय अडलंय नोकरीवाचून' हे येता-जाता कानावर पडायचं. मला माझं बँकेतलं काम आवडायचं, पगार आवडायचा, बढतीची परीक्षा पास झाले तेव्हा तर जमिनीला पाय लागत नव्हते. त्यामुळे तुझ्या टीम लीड होण्याचं मोल मला चांगलं ठाऊक आहे. माझं म्हणणं इतकंच की तुझ्या कामाला वेळापत्रक आहे आणि तुझ्या मैत्रीला नुसतं 'नक्की' आहे. ज्याला वेळापत्रक नाही ते दर वेळी मागे पडणार, यात तुझ्या मनाचा काही दोष नाही.

माझ्या वयाची माणसं उठता-बसता म्हणतात, "आमच्या वेळी माणसांना माणसांची ओढ होती." मला हे पटत नाही. आम्ही काही मनाने थोर नव्हतो. आमचा दिवसच असा बांधलेला होता की माणसं टाळू म्हटलं तरी टाळता यायची नाहीत. आठ-बाराची फास्ट पकडायची तर रोज त्याच फलाटावर, त्याच खांबापाशी उभं राहायचं. डब्यात शिरलं की त्याच बायका. दारात लोंबकळण्याची वेळ येऊ नये म्हणून कुणी उलटं कल्याणपर्यंत 'डाऊन' करून जागा धरलेली असायची. तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी नशीब. तीही अर्धी बाहेर. असं मांडीला मांडी लावून सव्वा तास व्ही.टी.पर्यंत आणि संध्याकाळी तेवढाच परत. बोलणार नाही तर करणार काय?

आमच्या ग्रुपमध्ये एक मंत्रालयातली, एक शाळेत शिकवणारी, एक नर्स, एक डब्यातच गाऊन आणि परकर विकणारी. वयं वेगळी, पगार वेगळे. बाहेर कुठे भेटलो असतो तर ओळखही झाली नसती. माझ्या बढतीच्या परीक्षेच्या वेळी नर्सबाई माझी वही हातात धरून प्रश्न विचारायची. बँकिंगचं ओ की ठो कळत नव्हतं तिला, पण उत्तर अडखळलं की डोळे वटारायची. थंडीच्या दिवसांत परतीच्या गाडीत मटाराच्या शेंगा निघायच्या. मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं, शेंगा चौघींच्या ओंजळीत वाटायच्या, आणि ठाणं येईतो दाणे डब्यात, टरफलं पिशवीत. पुढे पारसिकचा बोगदा लागायचा. १९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब. आत शिरलं की घडघडाट इतका की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नसे. बोलणारी अर्ध्या वाक्यावर थांबायची, आम्ही नुसत्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसायचो, आणि उजेड आला की ती ते वाक्य होतं तिथून उचलायची. "... तर साहेब म्हणाले,"

संक्रांतीला डब्यात हळदीकुंकू व्हायचं, वाण म्हणून गाळणी नाहीतर साबणाच्या वड्या मिळायच्या. खंडेनवमीला झेंडूची तोरणं बांधून डब्याची पूजा व्हायची. सातव्या महिन्यातल्या मैत्रिणीचं डोहाळजेवण गाडीतच उरकलं, कारण रविवारी कुणालाच जमणार नव्हतं. पश्चिम रेल्वेवर १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली. तिच्यातल्या बायकांनाही विचार, हेच सांगतील. सोन्याचे दिवस होते असं मात्र समजू नकोस. चौथ्या सीटवरून झिंज्या धरायची वेळ यायची. नवी बाई आली की जुन्या ग्रुपवाल्या तिला आत सरकू देत नसत. चोंबडेपणा तर विचारूच नको. कुणाची सून का भांडली याचा निकाल मुलुंडपर्यंत लागलेला असायचा. फुकट मिळालेल्या माणसांबरोबर हेही फुकट यायचं.

आता तुझा दिवस बघ. बाणेरहून हिंजवडीला कॅब, कानात हेडफोन. आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम. भाजी दहा मिनिटांत दारात, वाणी नाही की भाजीवाली नाही. एकेका सोयीने तुझी दहा-दहा मिनिटं वाचली आणि त्या प्रत्येक दहा मिनिटांत एक माणूस गळालं. एकेक माणूस सुटं पाहिलं तर त्याचं काही विशेष नाही. पण दिवसभरात तुझं तोंड कामाखेरीज उघडलंच नाही, असं गेल्या महिन्यात तूच म्हणालीस ना?

तुला वाटेल, गाडीत अनोळखी बाईशी गप्पा म्हणजे डोक्याला ताप, त्यापेक्षा हेडफोन बरे. असंच सगळ्यांना वाटतं. शिकागो विद्यापीठाच्या निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी तिथल्या लोकलच्या प्रवाशांवर एक प्रयोग केला, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. बाकीचे नेहमीसारखे. दुसऱ्या प्रवाशांना नुसता अंदाज विचारला तर ते म्हणाले, बोलत जाण्याचा प्रवास सगळ्यांत नकोसा होईल. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचाच प्रवास सगळ्यांत बरा गेला. आम्हाला हे प्रयोगाशिवाय समजलं, कारण गप्प बसायची सोयच नव्हती.

मला सांगायचंय ते इथून पुढे आहे. आम्हाला जे रेल्वेच्या पासाबरोबर मिळालं ते तुला हाताने उभं करावं लागणार. त्याची रीत शिकायची तर आपल्या बायकांची भिशी बघ. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला सगळ्यांनी ठरलेली रक्कम भरायची, चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने ती सगळी रक्कम उचलायची आणि तिचं नाव पुढच्या चिठ्ठ्यांतून बाद. सगळ्यांचा नंबर लागेपर्यंत कुणी सुटत नाही. आमच्या इमारतीतली भिशी सगळ्यांत जास्त टिकली, कारण तिचे दोन नियम कडक होते. तारीख हलणार नाही, मग घरी पाहुणे असोत की परीक्षा. आणि यजमानणीने एकच पदार्थ करायचा. पहिल्या नियमामुळे 'कधी भेटायचं' हा प्रश्न कायमचा मिटला. दुसऱ्यामुळे चढाओढ मिटली, नाहीतर चौथ्या घरात पावभाजीबरोबर गुलाबजाम आले असते आणि पाचवीने दुखण्याचं निमित्त काढलं असतं. पैसे खरे होते, पण पैशांहून मोठी गोष्ट ही की त्या संध्याकाळी घरातल्या कुणालाही 'कुठे चाललीस' म्हणून विचारायची सोय उरली नव्हती.

तुमच्या चौघींचा मात्र गोव्याचा प्लॅन आहे. व्हॉट्सॲपवर त्याचा ग्रुप आहे, ग्रुपला समुद्राचा फोटो आहे, आणि कुणाच्याच रजा जुळत नाहीत. गोवा कुठे पळून जात नाही. तोवर एक वार धर. रविवार नको. रविवारी बारशी, लग्नं, घराची साफसफाई आणि झोप असते. बुधवार घे. संध्याकाळी कॉल असतात तर सकाळी घे. तुझ्या घरापासून तुकाई मंदिराची टेकडी किती लांब आहे? पुण्याच्या टेकड्यांवर रोज पहाटे चढणारी माणसं बघ, एकमेकांची आडनावं माहीत नसतील, पण एक जण दोन दिवस दिसला नाही की चौकशी होते. आणि भेटायला मोठं निमित्त शोधू नकोस. बरोबर भाजी आणा, कपड्यांना इस्त्री करत बसा. निमित्त जितकं फुटकळ तितकी भेट रद्द होण्याची शक्यता कमी. जी येणार नाही तिच्यासाठी थांबायचं नाही, तिला रागवायचंही नाही. दोघी आल्या तरी बुधवार झाला.

यात घाई चालत नाही, हेही सांगून ठेवते. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मांडलेला हिशेब असा: नुसती ओळख असलेलं माणूस जुजबी मित्र व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. आठवड्याला दोन तास धरले तर जिवलगापर्यंत दोन वर्षं झाली. आणि त्यांना असंही दिसलं की कामाच्या निमित्ताने बरोबर घालवलेले तास यात फारसे जमेला धरता येत नाहीत. म्हणजे तुझ्या टीमबरोबर तू रात्र रात्र जागतेस, ते सगळं या खात्यात जवळपास शून्य. त्यांच्यातल्याच एखादीबरोबर लॅपटॉप मिटून चहाला गेलीस तर मात्र मीटर सुरू.

मग ज्यांच्याशी दोन-दोन वर्षांत बोललीच नाहीस, त्यांचं काय? तुमच्या चौघींतल्या एकीबद्दल तू म्हणालीस, "आता कुठल्या तोंडाने फोन करू?" पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हेच तपासलं. आपण अचानक चौकशी केली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज माणसं कमीच करतात. आणि चौकशी जितकी अनपेक्षित, तितकी ती जास्त सुखावते. आपल्याकडे घरातलं विरजण संपलं तर शेजारच्या घरून चमचाभर मागून आणतात, दही लावणं सोडून देत नाहीत. तसंच कर. लांबलचक माफीनामा लिहू नकोस, त्याला उत्तर देणं अवघड जातं. 'आज ऑफिसात कांदाभजी होती, आपल्या कँटीनसारखी तेलकट' एवढं पाठव. याला उत्तर येतं.

तू म्हणशील, मैत्रिणी ठीक, पण रोजच्या लहानसहान गोष्टींत आनंद मिळत नाही त्याचं काय? दिवस कसे जातात कळत नाही, म्हणतेस. माझा अनुभव असा की या दोन तक्रारी एकच आहेत. संध्याकाळच्या गाडीत ऐकणाऱ्या चौघी बसलेल्या आहेत हे माहीत असल्यामुळे मी दिवसभर डोळे उघडे ठेवायचे. पासबुकात नोट ठेवून विसरलेले आजोबा, साहेबांनी उलटी घातलेली बनियन, फोर्टात हातगाडीवर आलेली पहिली हापूसची पेटी आणि तिचा ऐकूनच परत फिरायला लावणारा भाव, हे सगळं मी गाडीसाठी साठवायचे. सांगायला माणूस नसतं तर यातलं निम्मं माझ्या नजरेलाही पडलं नसतं. तू स्टेटसला फोटो टाकतेस, चांगला असतो. पण तो सगळ्यांसाठी असतो, म्हणून त्याची वाट कुणीच पाहत नाही. माझ्या साहेबांच्या बनियनचं पुढे काय झालं, याची वाट दुसऱ्या दिवशी सकाळी चौघी पाहत असायच्या.

निवृत्तीच्या समारंभात मला शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं, भाषणंही चांगली झाली. त्या ऑफिसात आता मला ओळखणारं कुणी नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. नव्या लोकांनी नवं काम करावं. आमचा ग्रुप मात्र दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे फडके रोडवर भेटतो. तिथे सगळी डोंबिवलीची तरुण मंडळी नटूनथटून येतात, आम्ही गणपतीच्या दर्शनाला जाऊन त्या गर्दीत कडेला उभ्या राहून त्यांच्या कपड्यांवर शेरे मारतो. मंत्रालयातली आता काठी घेऊन येते. नर्सबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या शेवटच्या आजारपणात पाळ्या लावून डबे पोहोचवले, कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. वार आधीपासून वाटून घ्यायची सवयच होती.

तू मोठी हो, पगार वाढू दे, ऑनसाइटला जायचं तर जरूर जा. तिकडे गेलीस तरी एक वार धर. इथल्या मैत्रिणींसाठी फोनचा वेगळा आणि तिथल्या शेजारणीसाठी वेगळा. या पत्राचं उत्तर पाठवताना बाकी काही लिहू नकोस. प्लॅन नको, कारणं नकोत, रिलीजची तारीख तर नकोच. फक्त कुठला वार ठरला ते कळव.

तुझी,
मावशी