घरचा वाफा आणि बाजारचा वाफा

सज्जनहो, माजलगावाकडे एका सप्ताहात कीर्तन आटोपून पारावर बसलो होतो. एक माळकरी जवळ आले, पाया पडले आणि हळूच म्हणाले, "माऊली, एक शंका हाय. चारचौघांत इचारायची लाज वाटली." त्यांच्या मळ्यात भाजीचे दोन तुकडे. एक विहिरीवर, दुसरा नदीला मिळणाऱ्या गावनाल्यावर. चैत्रात विहीर तळाला जाते. उरते तेवढे पाणी घरच्या वाफ्याला. नाला मात्र बारमाही. त्यावरची मेथी-कोथिंबीर बाजारात जाते. "नाल्यावरची भाजी घरच्या लेकरांना घालवत नाही माझ्याच्यानं. मंग लोकाला घालतो, हे पाप का काय?"

मी लगेच उत्तर दिले नाही. कारण ही शंका त्या एकट्याची नव्हे. माजलगाव सिंदफणेकाठी. सिंदफणेवरचे धरण जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले. पुढे मंजरथला ही नदी गोदामाईला मिळते. वरच्या अंगाला बीडहून बिंदुसरा तिच्यात येते. बीड शहराचे सांडपाणी बिंदुसरेत उतरते, बिंदुसरा सिंदफणेत, सिंदफणा धरणात; आणि त्याच धरणाचे पाणी, शुद्ध करून का होईना, बीडला प्यायला जाते. माणूस जे खाली सोडतो ते फिरून त्याच्याच दारी येते. कर्माचा सिद्धांत आणखी कसा समजावून सांगावा!

आता कोणी म्हणेल, नदी ही माय आहे, मायेला विटाळ कसला? इथे आपली गल्लत होते. पवित्र आणि स्वच्छ हे दोन शब्द आहेत, एक नव्हे. भावाने केलेल्या स्नानाचे पुण्य कोणी हिरावून घेत नाही. पण भाव मनाला धुतो, भाजीला धुत नाही. मैलापाण्यात जंतांची अंडी असतात, विषमज्वराचे आणि जुलाबाचे जंतू असतात. ते माळ पाहत नाहीत, टिळा पाहत नाहीत. पालेभाजी मातीलगत वाढते, पानापानांत पाणी धरते. कोथिंबीर, मुळा, काकडी तर आपण कच्चीच खातो. शिवाय त्या पाण्यात अनवाणी राबणाऱ्याच्या तळपायातून आकडीजंत अंगात शिरतो. म्हणजे पहिला भोग पिकवणाऱ्याचाच! आणि मैलापाण्यात खताचा अंश असल्याने ती भाजी दिसते मात्र हिरवीगार. डोळ्यांना फसवते ती अशी.

चिली देशातल्या सँतियागो शहरात वर्षानुवर्षे विषमज्वर ठाण मांडून होता. शहराच्या सांडपाण्यावर पिकणारी कच्ची भाजी हे त्याचे मोठे कारण. १९९१ मध्ये कॉलरा आला तेव्हा सरकारने त्या पाण्यावर अशी भाजी पिकवायला सक्तीने बंदी केली. त्यानंतर विषमज्वरही झपाट्याने उतरला. कारखान्याचे पाणी मिसळले तर गोष्ट आणखी कठीण. जपानात जिंझू नदीत खाणीचे कॅडमियम उतरले, त्या पाण्यावर भात पिकला, आणि तो खाणाऱ्यांची हाडे ठिसूळ झाली. तिथल्या सरकारने १९६८ मध्ये ते मान्य केले. जंतू उकळून मरतात. हे विष उकळून जात नाही.

दुसरी शंका अशी की दोष वरच्या गावाचा, शेतकऱ्याचा काय? खरे आहे, मोठा दोष त्यांचाच. पाणी प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९७४ पासून आहे, तरी २०१८ च्या केंद्रीय यादीत देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित ठरले, आणि त्यांपैकी ५३ आपल्या महाराष्ट्रातले. जो गाव आपला मैला न शोधता नदीत सोडतो, तो शेतकऱ्याच्या हाती विष देतो. पण हाती आलेले विष पुढे कोणाला द्यायचे, हा हिशेब ज्याच्या त्याच्या नावावर मांडला जातो. अरणच्या सावतोबांना मळ्यातच पांडुरंग भेटला, असे आपण सांगतो. मग बाजारात पिशवी घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक कोण? पांडुरंगाला बाजारचा वाफा आणि लेकरांना घरचा, असा पंक्तिभेद आपल्या संप्रदायात बसत नाही.

हे मी त्यांना सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "पटलं माऊली. पर चैत्रात खायचं काय?"

हा प्रश्न पापपुण्याहून लहान नाही. उपाशी माणसाला नुसता उपदेश करणे हेही एक पापच. म्हणून जाणती मंडळी सांगतात ते सांगितले : त्या पाण्यावर कच्चे खाण्याचे काही लावू नये, कापसासारखे न खाण्याचे पीक घ्यावे. अगदीच भाजी घेणे असेल तर शिजवून खायची, जमिनीपासून उंच लागणारी घ्यावी. पाणी खड्ड्यात काही दिवस निवळू द्यावे, म्हणजे बरीचशी अंडी तळाशी बसतात. पाणी पानांवर नव्हे, मुळाशी द्यावे. काढणीच्या आधी काही दिवस बंद करावे. पायात बूट घालावेत. मात्र नाल्यात कारखान्याचे पाणी असेल तर यातला कोणताही उपाय पुरा पडत नाही.

यात त्यांचे उत्पन्न घटणार, हे मला कळत होते. तो तोटा त्यांनी एकट्याने का सोसावा? गावाने नाल्याचे पाणी शोधून सोडावे, यासाठी नगरपालिकेच्या दारी एकटा शेतकरी गेला तर त्याला कोण विचारतो? पण सप्ताहाची सारी मंडळी गेली तर? आणि वारकऱ्यांनो, आपणही निर्दोष नाही. दिंडीच्या मुक्कामी आपल्यातलेच कित्येक नदीकाठ घाण करून पुढे जातात, आणि खालचा कोणी मळेकरी तेच पाणी उपसतो.

ते उठताना एवढेच म्हणाले, "औंदा कोथिंबीर नाही टाकत त्या वाफ्यात. बाकीचं बघू." बाकीचे पाहण्याचे काम त्यांचे एकट्याचे नाही, आपल्या सर्वांचे आहे.

रामकृष्ण हरि.