टाकीचा घाव

रतनगडाच्या नेढ्यात बसलो होतो. अकोल्याकडच्या गडांवर फिरणाऱ्याला नेढं काय ते सांगायला नको. कातळाला आरपार पडलेलं भोक, पण आत दहा-बारा माणसं ऐसपैस बसतात. सोबतच्या भाच्याने मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं, "मामा, हे कोणी कोरलं?" आणि लगेच 'थ्री-आय ॲटलस' म्हणजे परग्रहावरचं यान, हा व्हिडिओ दाखवला.

मला राग आला तो त्या 'कोणी'चा. रतनवाडीचे वाटाडे बाबा हसले. "टाकीचा घाव दावा की मंग." गडावरच्या पाण्याच्या टाक्यांत तो बोटाला लागतो. (टाकीने खोदलं ते टाकं; निदान माझी व्युत्पत्ती अशी.) नेढ्यात नुसता वारा.

नवल वेगळं, खूण वेगळी. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अवी लोब यांच्याशी माझं भांडण इथेच आहे. सूर्यमालेबाहेरून आलेला २०१७चा पाहुणा ओमुआमुआ सूर्यापासून दूर जाताना मंदावायला हवा होता तितका मंदावला नाही, आणि शेपूटही दिसेना. लोब म्हणाले, प्रकाशाच्या दाबाने ढकललं जाणारं शीड असेल. बर्फात अडकलेला हायड्रोजन सुटला असावा, हा खुलासा २०२३मध्ये आला. २०१९चा दुसरा पाहुणा बोरिसोव्ह तर उघड धूमकेतू. जुलै २०२५मध्ये सापडलेला तिसरा, व्हिडिओतला ॲटलसही वायू आणि धूळ सोडतो, तरी लोब त्याच्या विचित्रपणांची यादी करत बसले. दहा नवलं मिळून एक खूण होत नाही.

इथवर मी खुशीत होतो. मग लोणार आठवलं. सगळी लाव्हाच्या काळ्या दगडाची भूमी. तिथलं विवर ज्वालामुखीचं, हेच एकेकाळी शहाण्यांना पटणारं. आकाशातून काही पडलं म्हणणारे कल्पनेत रमलेले. तळातून काढलेल्या नमुन्यांत आघाताने काच झालेलं खनिज मिळाल्याचं १९७३मध्ये जाहीर झालं आणि शहाणे हरले. नवलाने खूण दिली नाही हे खरं, पण कुठे खणायचं ते त्यानेच सांगितलं.

शिवाय बाबांना घाव ओळखता येतो तो टाकी पाहिलेली आहे म्हणून. परक्या कारागिराची टाकी आपण कुठे पाहिलीय? म्हणजे लोब यांचं उत्तर मला अजूनही पटत नाही, पण 'कोणी?' विचारल्याबद्दल त्यांना हसायचा माझा हक्क गेला. भाच्यालाही.

उतरताना तो टाक्यापाशी थांबला. मोबाईल खिशात घालून भिंतीवरून हात फिरवला. "हे पाण्यानेच झिजलेलं नाही कशावरून?"

बाबा बाटली भरत होते. मी वाकून घाव शोधू लागलो. पाण्याच्या रेषेखाली शेवाळ फार होतं.