देवतेचे स्वामित्व आणि माणसाचा पुरावा

देवतेकडे वस्तूचे स्वामित्व असू शकते काय, या प्रश्नाचे मीमांसकांनी दिलेले उत्तर नकारार्थी होते. ज्याला वस्तूचा यथेच्छ विनियोग करता येतो तोच तिचा स्वामी, आणि देवता तसा विनियोग करीत नसल्याने ‘देवग्राम’ हा शब्द गौण अर्थानेच घ्यावा, असे शबरस्वामींनी जैमिनिसूत्रांवरील भाष्यात प्रतिपादिले. हाच प्रश्न करआकारणीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा योगेंद्रनाथ नस्कर खटल्यात १९६९ साली देवतेवर प्राप्तिकर आकारता येतो असा निर्णय झाला. मात्र कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ ठरते ती मूर्तिरूपाने साकारलेला दात्याचा धर्महेतू असून, साक्षात परमेश्वर नव्हे, असा विवेक न्यायालयाने केला. शबरस्वामींच्या आक्षेपाला याहून समर्पक उत्तर सापडणे कठीण आहे, कारण त्यामुळे विनियोगाची जबाबदारी सेवायतांवर, म्हणजे देवतेच्या वतीने कारभार पाहणाऱ्या माणसांवर, येते.

मूर्ती देवस्थानाचीच आहे हे सिद्ध करण्यापर्यंत जाणारी ही जबाबदारी किती अवघड आहे, हे तमिळनाडूतील कुंभकोणमच्या परिसरात दिसते. जवळच्या स्वामिमलै येथील स्थपती मेणाच्या प्रतिकृतीभोवती मातीचा साचा करतात, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात आणि शेवटी साचा फोडून टाकतात; म्हणून या पद्धतीने घडलेल्या कोणत्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात, आणि जुने छायाचित्र उपलब्ध असल्यास मूर्ती ओळखता येते. चोरीला गेलेला श्रीपुरंदनचा नटराज ऑस्ट्रेलियातील संग्रहालयातून २०१४ साली परत आला, त्यामागे पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वीच टिपून ठेवलेली छायाचित्रे होती. ज्या गावाने त्याची पूजा केली त्या गावाकडे मात्र असा पुरावा नव्हता, आणि ही गोष्ट भाविकांना बोचायला हवी. पत्तूरच्या नटराजाबाबत तर छायाचित्राचाही आधार नव्हता: १९७६ साली जमिनीत सापडलेली ही मूर्ती एका कॅनेडियन कंपनीने १९८२ साली विकत घेतली होती, आणि लंडनच्या न्यायालयात मूर्तीवर चिकटलेली माती व वाळवीच्या खुणा तज्ज्ञांना तपासाव्या लागल्या. अखेर १९९१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मंदिराचा हक्क मान्य केला.

देवाच्या नावे सातबारा असणाऱ्या महाराष्ट्रातील देवस्थानांनीही प्रत्येक मूर्तीचे माप, वजन आणि सर्व बाजूंची छायाचित्रे विनाविलंब नोंदवून ठेवावीत.