गटारांत कोणीं उतरावें?

कांहीं नीतिप्रश्न विद्वानांच्या ग्रंथांतून निघतात, तर कांहीं रस्त्यावरील लोखंडी झांकणाखालून. आज आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों तो प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे.

"रोबोट" हा शब्द आतां खेड्यांतील मुलांच्याही तोंडीं आहे. पण त्याचें मूळ थोड्यांसच ठाऊक असेल. १९२० सालीं कारेल चापेक नामक चेक नाटककारानें भावाच्या सूचनेवरून आपल्या नाटकांतील कृत्रिम कामकऱ्यांस हें नांव दिलें. चेक भाषेंत "रोबोता" म्हणजे वेठ. ज्यांच्या वाडवडिलांनीं गांवकीची वेठ पाठीवर सोसली, त्यांस या शब्दाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाहीं.

असें एक यंत्र केरळांत जन्मास आलें. २०१५ सालीं कोझिकोडे येथें भुयारी गटारांत उतरलेले दोन कामगार गुदमरले. त्यांस वांचवावयास एक रिक्षावाला धांवला; तिघेही मेले. गटारांतील वायूची रीतच अशी आहे. तो थोडा असतां कुजक्या अंड्यासारखी घाण येते. फार झाला म्हणजे नाकाची शक्तीच मरते आणि मनुष्यास धोका कळेनासा होतो. या घटनेनें कांहीं तरुण अभियंत्यांचें मन हेलावलें व त्यांच्या जेनरोबोटिक्स कंपनीनें "बँडिकूट", म्हणजे आपली घूस, या नांवाचें यंत्र केलें. २०१८ सालीं तें तिरुवनंतपुरम् येथें कामास लागलें. यंत्राचा चार पायांचा भाग खालीं उतरून गाळ उपसतो. चालविणारा वर राहून पडद्यावर सर्व पाहतो. विशेष हें कीं, पूर्वीं गटार साफ करणाऱ्या कामगारांसच तें चालवावयास शिकविण्यांत आलें.

कोणी म्हणेल, यंत्रानें गरिबाची भाकरी जाते. हा आक्षेप हलका नव्हे. ज्या भाकरीसाठीं रोज प्राण पणास लावावा लागतो, ती मजुरी न्यायाची नव्हे. परंतु मनुष्यास गटारांतून काढून उपाशी ठेवणें, यासही मुक्ति म्हणतां येत नाहीं. म्हणून यंत्राची कळ त्याच्याच हातीं देणें हाच न्याय होय.

मग प्रश्न सुटला काय? २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून मनुष्यास गटारांत किंवा मैल्याच्या टाकींत उतरविण्यास बंदी केली. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मृताच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावे असें ठरविलें. २०२३ सालीं ती रक्कम ३० लाख केली. कायदा आहे, यंत्र आहे, तरी माणसें मरतातच. कारण यंत्रास पैसे पडतात आणि मनुष्य स्वस्त पडतो. हें कोणी तोंडानें बोलत नाहीं, पण हिशेबाची वही बोलते.

येथें आम्हीं आमचाही दोष सांगितला पाहिजे. कांहीं वर्षांमागें आमच्या बिऱ्हाडाची संडासाची टाकी तुंबली. एक मनुष्य आला. "काय घेशील?" एवढेंच आम्हीं विचारलें, व पन्नास रुपयांसाठीं घासाघीसही केली. तो उतरला; वर त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा दोरी धरून उभा होता. बाप सुखरूप वर आला, परंतु त्या मुलाची मूठ आम्ही विसरलों नाहीं. तालुक्याच्या गांवीं टाकी उपसणारी गाडी होती. ती महाग म्हणून आम्हीं बोलाविली नव्हती.

यंत्रास जात नाहीं, म्हणून त्यास कोणतेंही काम सांगतांना कोणी त्याचें कूळ पाहत नाहीं. मनुष्यास मात्र कूळ पाहूनच या कामास निवडलें गेलें. घाण सर्वांची, मग उपसणारा एकाच घरचा कां? वेठ यंत्रावर घालतां येते; तुच्छता यंत्रानें निघत नाहीं. ती आपल्या मनांतून आपणच काढावयाची आहे.

आपल्या गांवांतही आतां अशा टाक्या झाल्या आहेत. पुढील वेळीं कोणास बोलावितांना, वाचकहो, "काय घेशील?" याच्या आधीं "तूं खालीं उतरणार तर नाहींस ना?" असें विचारा, आणि काम झाल्यावर त्यास आपल्याच पेल्यांतून पाणी द्या.