गोधडी आणि वेळेचा हिशेब

छंद या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. 'छंदीफंदी' म्हटले की जो मनुष्य डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याला कोणी आपली मुलगी देणार नाही. आणि 'नादी लागला' म्हटले म्हणजे तर संपलेच! त्यामुळे महिला मंडळातील एखादी भगिनी 'मला गोधड्या शिवण्याचा छंद आहे' असे सांगते, तेव्हा लागलीच पुढे जोडते, 'म्हणजे, घरचे सगळे आटोपल्यावर हो!' हा खुलासा तिच्याकडे कोणी मागितलेला नसतो. तरी तो द्यावासा वाटतो, यात एक प्रश्न दडलेला आहे. ज्या कामावाचून कोणाचे अडत नाही, त्यात घालवलेला वेळ वाया गेला असे म्हणावे काय?

व्यवहाराने पाहिले तर गोधडीचा हिशेब तोट्याचाच निघतो. वर-खाली जुनी सुती लुगडी, मध्ये तीन-चार थर, आणि मग काठापासून आत आत येत जाणारा धावदोरा. संध्याकाळचा तासभर काढून शिवायला बसले तर एका मोठ्या गोधडीला कित्येक आठवडे लागतात. बाजारातून ब्लँकेट आणायला एक फेरी पुरते. बरे, थंडीचे म्हणावे तर ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात एकट्या गोधडीचे काही चालत नाही, तेथे कापूस भरलेली रजाईच लागते. आणि गोव्यात बहुतेक दिवस चादरीवर भागते. मग हा खटाटोप कशासाठी?

आमच्या आज्यांना हा प्रश्न पडला नाही. बेळगावकडे जिला वाकळ म्हणतात आणि शेजारचे कानडी लोक कौदी म्हणतात, ती त्यांनी शिवली, कारण घरात थंडी होती, फाटके लुगडे होते, आणि पांघरूण विकत घेण्यास पैसा नव्हता. 'तुमचा छंद कोणता?' असे त्यांना कोणी विचारले असते, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. त्यांच्या कष्टाला आज आपण छंद म्हणू नये. त्यांना जे करणे भाग होते, ते आपण आवडीने करतो. आणि आवडीचे काम आले की त्याबरोबर जबाबदारीही येते.

आता तर कोरे कापड विकत आणायचे, त्याचे कात्रीने तुकडे करायचे, आणि ते पुन्हा एकमेकांस जोडायचे, अशीही रीत निघाली आहे. आजीला हे कळले असते, तर तिने आमच्यासाठी खास प्रार्थना केली असती. मात्र या भगिनी कोरे कापड आधी धुऊन, आटवून घेतात. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावू नये, हा प्रभूचा दाखला समजण्यास त्यांना आम्हा उपदेशकांची गरज पडत नाही.

परंतु हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीही या कामात आहेत. दोन बायका गोधडीच्या दोन बाजूंना बसतात. नजर सुईवर असते, म्हणून जे समोरासमोर बोलवत नाही ते सहज बोलले जाते. सासूचे दुखणे, मुलाची नोकरी, मनात वर्षभर साचलेला राग, सारे टाक्याटाक्याने बाहेर पडते. आणि ते तुकडे! हा बाबांचा सदरा, हा धाकटीचा पहिला फ्रॉक. घरातले माणूस गेले की त्याच्या कपड्यांचे काय करावे, हे कोणास सुचत नाही. ते टाकवत नाहीत आणि पाहवतही नाहीत. गोधडीत शिवले म्हणजे निदान पांघरता येतात.

याहून मोठा धडा आम्हास कारवारकडच्या जंगलातून मिळतो. हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे पुष्कळसे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्ती आहेत. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. ख्रिस्ती बाईच्या कवंदीवर कधी क्रूसही असतो. मात्र शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे लहान त्रिकोण लावतात. त्याला त्या 'फूल' म्हणतात, आणि फुलावाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. त्या फुलाने कोणाला ऊब मिळत नाही. ज्यांच्या घरी चिंधीचीही किंमत होती, त्यांनीच चार चिंध्या शोभेसाठी राखून ठेवल्या! तेव्हा गरजेपलीकडचे काम हे रिकामटेकड्या श्रीमंतांचे चोचले आहे, असे आता आमच्याने म्हणवत नाही. माणूस गरिबीतही केवळ गरजेवर जगत नाही.

तर मग प्रत्येक छंद चांगलाच काय? तसे नाही. यापो येथील टबीथा ऊर्फ दुर्कस मरण पावली, तेव्हा तिने शिवलेली वस्त्रे विधवांनी रडत रडत पेत्रास दाखवली, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायात सांगितले आहे. तिने त्यासाठी किती तास घालवले, याचा हिशेब कोणीच केला नाही. ती वस्त्रे कोणाच्या ना कोणाच्या अंगासाठी होती, एवढे पुरे होते. आपल्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून बारा गोधड्या ठेवलेल्या असाव्यात, आणि धुणेभांड्यास येणाऱ्या बाईचे मूल डिसेंबरात कुडकुडत असावे, तर त्या बारा गोधड्यांना काय म्हणावे? तसेच, रस्त्याच्या कडेला गोधड्या विकायला बसलेल्या बाईशी जी घासाघीस चालते, ती ऐका. एका गोधडीत किती संध्याकाळी जातात हे जिला स्वतःच्या बोटांवरून ठाऊक आहे, तिने तरी ती करू नये. तिचा छंद त्या दुसरीची भाकरी आहे. एवढे कळले, तर छंदात गेलेला वेळ वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. नाताळाआधी प्रत्येक मुलाने घरून जुन्या सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा आणावा. नायलॉन नको, ते सुईखाली सरकते आणि घामही टिपत नाही. सर्वांनी मिळून एक लहान गोधडी शिवावी, आणि ती कोणास द्यायची हे मुलांनीच ठरवावे. मुलग्यांनाही सुई धरू द्यावी. त्याने कोणाचा पुरुषार्थ उसवत नाही. दोरा ओवण्याचे काम मात्र मुलांकडेच सोपवावे. आमची तर चाळिशी नाकावर असूनही तो पहिल्या झटक्यात ओवला जात नाही.